कुळाव्यांचे पिनकोड

माघातल्या जत्रांच्या दिवसांत गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, देवळांसमोर उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचत चालावं. गोव्याच्या गाड्या असतातच, पण त्यांच्या अधूनमधून ठाण्याची एमएच ०४, पुण्याची एमएच १२, कारवारची केए ३०, उडुपीची केए २०. त्यातून उतरणाऱ्यांना समुद्रकिनाऱ्याची घाई नसते. आधी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे उतरायच्या जागी, सामान ठेवायचं, मग तळीवर पाय धुवायचे, मग पुरोहिताला आपलं आडनाव सांगायचं. ही माणसं कुळावी, म्हणजे या देवांना कुलदैवत मानणाऱ्या घराण्यांतली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मुलखातून देव उचलून पलीकडे अंत्रुजात आणले गेले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देवांबरोबर काही घरं इथे आली, काही आणखी दक्षिणेला कारवार, मंगळूर, पार कोचीपर्यंत गेली. पुढच्या पिढ्या नोकरीसाठी गिरगावात गेल्या, तिथून दादर, डोंबिवली, आता बंगळूर. देव मात्र सगळ्यांचे फोंडा तालुक्यातच राहिले.

माझी वहिनी याच पट्ट्यात राहते आणि घरचे जिन्नस विकते. सोलां (म्हणजे आमसुलं), आगळ (कोकमाचा रस), तिरफळं, आंब्याचं साठ, फणसाचे पापड, कुळथाचं पीठ. सुरुवात देवळाजवळच्या एका ओळखीच्या दुकानात बरण्या ठेवण्यापासून झाली. मग आपापल्या घरी परतलेल्या कुळाव्यांचे फोन येऊ लागले, की संपलं, पाठवता का? खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी झाली, कुरिअरवाल्याशी बोलणी झाली, इन्स्टाग्रामवर पान झालं, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग झाला. ही फोनवरची बाजू मी बघते. आपलं गिऱ्हाईक नेमकं कोण हा प्रश्न त्यामुळे माझ्या वाट्याला आला, आणि आता तो मला इतका आवडायला लागला आहे की संध्याकाळी आम्ही दोघी वही उघडून बसलो की जेवणाची वेळ टळते.

या प्रश्नाचं तयार उत्तर फोन देतो. फॉलोअर शंभराच्या वर गेले की इन्स्टाग्राम आपल्याला तक्ते दाखवतं: वयाचे गट, स्त्रिया किती आणि पुरुष किती, कुठल्या शहरांतले, दिवसाच्या कुठल्या वेळी जागे. वय १८ ते २४, मग २५ ते ३४, मग ३५ ते ४४, अशा पट्ट्या. पहिल्यांदा पाहताना फार बरं वाटतं. आपल्या दुकानासमोरून जाणाऱ्यांची कुणीतरी मोजदाद करून ठेवली आहे असं वाटतं. जाहिरातीचं काम करणाऱ्या एका सल्लागारांनी ते तक्ते पाहून लगेच सांगितलं, की पस्तीस ते पन्नास वयाच्या, स्वयंपाकाची आवड असलेल्या बायका पकडा, बाकीच्यांवर पैसे घालवू नका. वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवड असलेल्या म्हणजे? आमच्याकडे तिरफळं मागणाऱ्याला आवड असते की गरज?"

तिरफळाचंच घ्या. ते ज्याला माहीत आहे त्यालाच हवं असतं. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमटीत, चार दाणे ठेचून घातले नाहीत तर ते हुमणच नव्हे, असं मानणारं घर असेल तर ते शंभर ग्रॅम मागवणार, मग घरातला माणूस सत्तावीस वर्षांचा असो नाहीतर सत्तरीचा. ज्याने ते कधी खाल्लंच नाही त्याला जाहिरात कितीही वेळा दाखवा, त्याच्या दृष्टीने ती काळपट टरफलं. अशा मालाचं गिऱ्हाईक वयाच्या पट्टीवरून सापडत नाही. ते घराच्या मुळावरून सापडतं, आणि घराचं मूळ विचारणारा रकाना कुठल्याही कंपनीच्या तक्त्यात नाही. "कुळावी" असं बटण कोण ठेवणार?

शहरांच्या तक्त्याची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. आमच्या पानावर वरच्या शहरांत मुंबई आणि पुणे कायम असतात, आणि त्यात खरे मुंबईकर-पुणेकर आहेतच. पण मोबाइलच्या नेटवर्कच्या हिशेबात गोवा स्वतंत्र नाही. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आहे. फोनवरच्या इंटरनेटचा पत्ता बऱ्याचदा कंपनीच्या मोठ्या केंद्रावरून बाहेर पडतो. त्यामुळे वाळपईत अंगणात बसून पान चाळणारी बाई एखाद्या यंत्रणेला पुण्यात बसलेली दिसू शकते. वेबसाइटच्या आकड्यांत हा गोंधळ जास्त जाणवतो. तिथे गूगल ॲनालिटिक्समध्ये वय आणि लिंगाचे रकाने लहान दुकानांना कित्येकदा रिकामेच मिळतात, कारण संख्या थोडी असेल तर कुणाची ओळख पटू नये म्हणून ते आकडे झाकून ठेवतं. हे मला पटतं. फक्त रिकामा रकाना म्हणजे गिऱ्हाईक नाही, असं वाचणाऱ्याने समजू नये. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाने एवढ्याच कारणाने वेबसाइट बंद करायला घेतली होती.

मग गोव्याची स्वतःची अडचण. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साधारण १४ लाख ५८ हजार होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ ची म्हणून होते आहे, म्हणजे छापील आकडे म्हणावेत तर तेच जुने. आणि पर्यटक? २०२४ या एका वर्षात ते एक कोटीच्या वर गेले. मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीकडे, जाहिरात देताना ठिकाण म्हणून "गोवा" निवडलं की इथे राहणाऱ्यांबरोबर इथे नुकते येऊन गेलेलेही त्यात धरले जातात. डिसेंबरात गोव्यापुरती म्हणून दिलेली जाहिरात कुणाकुणाच्या फोनवर जाते याचा अंदाज करा. कळंगुटला तीन रात्रींसाठी आलेल्या मुलांना वहिनीच्या कुळथाच्या पिठाचं काय? पर्यटक वाईट गिऱ्हाईक आहे असं मी म्हणत नाही. तो भेट म्हणून घेतो, त्याला देखणा डबा लागतो, त्यावर चित्र लागतं, विमानात नेता येईल का हे त्याला आधी कळायला लागतं. त्याच्यासाठी दुकान वेगळं मांडायला हवं. एकाच बरणीत दोघांना बसवायला गेलं तर दोघेही निघून जातात.

तेव्हा आम्ही वहीकडे वळलो. वहिनीची वही म्हणजे साधी लांब रजिस्टर, डाव्या बाजूला तारीख, मग नाव, पत्ता, माल, पैसे. कुरिअरची पावती त्याच पानाला टाचलेली. या वहीत एक गोष्ट आधीपासून डोळ्यांसमोर होती: एका ऑर्डरला बहुतेक वेळा दोन नावं असतात, कधी तीन. चौकशी करणाऱ्याचं एक, यूपीआयवर पैसे आले ते दुसरं, पार्सल जातं ते तिसरं. संदेश बंगळूरहून, पैसे नवऱ्याच्या खात्यातून, पार्सल डोंबिवलीला सासूबाईंच्या नावे. आता यातलं गिऱ्हाईक कोण? फोनचा तक्ता पहिलीला मोजतो, बँक दुसऱ्याला, आणि आगळाची चव बघून "हे पातळ आहे" की "अस्सल आहे" असा निकाल देणार ती तिसरी. पुढची ऑर्डर येणार की नाही हे तिच्या हातात.

म्हणून वहिनी आता प्रत्येक ऑर्डरला एकच प्रश्न विचारते: हे कुणासाठी? इतकं साधं विचारल्यावर लोक किती सांगतात! आईचं ऑपरेशन झालंय, तोंडाला चव नाही, सोलकढी मागते. मुलगी हॉस्टेलला आहे, तिला मेसचं जेवण जात नाही. वडिलांचा म्हाळ (श्राद्ध) आहे, कुणीतरी सांगितलं खतखत्याला तिरफळ हवंच. लग्न ठरलंय, केळवणाला गोव्याकडची माणसं येणार. यातलं काही विकण्यासाठी वापरायचं असं आमच्या मनात येत नाही, पण पार्सल भरताना ते उपयोगी पडतं. हॉस्टेलच्या मुलीला काचेची बाटली पाठवू नये. आजारी माणसासाठी मिठाचं आगळ जाणार असेल तर त्यात मीठ आहे हे आधी स्पष्ट सांगावं, बिनमिठाचं हवं का ते विचारावं. म्हाळाच्या मालाला उशीर चालत नाही, तिथी टळली की संपलं.

पत्त्यांच्या रकान्यातला पिनकोड आम्ही वेगळा काढून डावीकडे आणला, आणि वही एकदम बोलायला लागली. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले अधिकारी, संस्कृतचे कवी, आपल्या कोकणातलेच. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांत पत्रं चुकू नयेत म्हणून सहा आकड्यांची ही सोय. पहिला आकडा विभागाचा आणि पहिले तीन मिळून टपालाची छाननी होते तो जिल्हा. आपल्या गोव्याचं ४०३. मुंबईचं ४००, पुण्याचं ४११, डोंबिवली-कल्याणचं ४२१, सावंतवाडीकडचं ४१६, बेळगावचं ५९०, कारवारचं ५८१, उडुपीचं ५७६, मंगळूरचं ५७५. एका पानावर हे तीन आकडे उतरवून समोर महिना मांडला की फोनच्या तक्त्याने कधी दाखवलं नसतं ते दिसतं.

फोनवर आम्हाला कारवार-उडुपी जवळजवळ दिसतच नव्हते. वहीत ते ठसठशीत होते, पण वर्षातून दोनदाच: जत्रांनंतर माघ-फाल्गुनात आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी. ही माणसं इन्स्टाग्रामवर आमच्या मागे येत नाहीत. देवळाजवळ बरणी बघतात, तिच्यावरचा नंबर घेतात आणि घरी गेल्यावर फोन करतात. बोलतात कोकणीत, आमच्याहून वेगळ्या हेलाची, मधेच कानडी शब्द. त्यांच्यासाठी जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा बरणीवरचा नंबर मोठ्या अक्षरात छापणं जास्त कामाचं होतं. आधीच्या लेबलावर तो इतका बारीक होता, की साठीच्या माणसाला चष्मा शोधावा लागे. लेबल बदललं.

डोंबिवली, ठाणे, वसई यांचं चित्र वेगळं. तिथून वर्षभर थोडं थोडं येतं, अर्धा किलो, पाव किलो. जागा लहान, मोठी बरणी ठेवायला फडताळ नाही. बंगळूरहून पिठापेक्षा आगळाची मागणी जास्त, कारण पाण्यात घालून पटकन सरबत होतं.

आणि मेमध्ये एक मोठा ढीग ४०३ चाच असतो. आमच्या मनातल्या कुळावी या खणात ही माणसं कुठेच नव्हती. सासष्टीतून, बारदेसातून, बरीचशी ख्रिस्ती घरं, रोमी लिपीतल्या कोकणीत लिहिलेले संदेश. ती पुरुमेंत भरत होती. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी: सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा, आणि सोलां. ऑर्डरही पाव किलोची नसते, घरटी दोन-दोन, तीन-तीन किलोची. भिरंडां, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, साली उन्हात वाळवून पुन्हा रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या, आणि पाऊस यायच्या आत हे सगळं उरकायचं. नेमकं तेव्हाच हे गिऱ्हाईक येतं, त्याला ताजाच माल हवा असतो आणि तो घ्यायला ते स्वतःची गाडी घेऊन येतं. त्याला कुरिअरही नको, सवलतही नको. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बघून, हाताने दाबून, वास घेऊन घेणारी ही माणसं फोनवरून का मागवू लागली, असं वहिनीने एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, की बाजारात नेणारी सासू गेली, आता चांगलं कुठलं हे सांगणारं घरात कुणी नाही, तुमच्याकडचं शेजारणीने सांगितलं. त्यानंतर वहिनीने सोलांचा फोटो काढायची रीतच बदलली. आता बशीतल्या सजवलेल्या चित्राऐवजी सोल बोटांनी वाकवून दाखवलेलं असतं. म्हणजे ते मऊ आहे, कडक झालेलं नाही, हे कळतं. ज्याला पारख येत नाही त्याला ती शिकवावी, मग तो आपला होतो, असं तिचं मत. मलाही ते पटलेलं आहे.

फोनच्या आकड्यांवर मी इतकं बोलले, पण एका बाबतीत ते वहिनीपेक्षा आणि माझ्यापेक्षा शहाणे निघाले. आपलं गिऱ्हाईक म्हणजे पन्नाशीच्या बायका, असं ती धरून होती. इन्स्टाग्रामच्या तक्त्यात पुरुष पुष्कळ निघाले, आणि सगळ्यात मोठी पट्टी २५ ते ३४ ची. ती म्हणाली, "बाय, ही पोरं नुसती बघत असतील." पण व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न चाळले तेव्हा जुळलं. "किती घालायचं?" "आधी भिजवायचं का?" "तिरफळाची बी काढायची असते का?" पन्नाशीची गोव्याची बाई हे विचारत नाही. हे विचारणारा पुण्यात खोली करून राहणारा, आईच्या हातचं आठवून पहिल्यांदाच बांगडा आणलेला मुलगा असतो. जागे असण्याच्या तासांतही त्याचाच पुरावा: रात्री दहानंतर वर्दळ वाढायची, आणि आमचे फोटो जायचे सकाळी अकराला, वहिनीचं स्वयंपाकघर आवरल्यावर. आता ते रात्री जातात. पाकिटात एक चिठ्ठी असते. तिरफळ ठेचायच्या आधी आतली काळी बी काढून टाकायची, उकळी आल्यावर घालायचं, जेवताना ते बाजूला ठेवायचं, चावायचं नाही. चार ओळी, देवनागरीत आणि खाली रोमी अक्षरांतही. त्या चिठ्ठीचा फोटो काढून मुलं परत पाठवतात, सोबत हुमणाचा फोटो.

आकडे पाहायचे ते यासाठी. आपण ज्याची कल्पनाही केली नाही असं कुणी दाराशी उभं आहे का, हे ते सांगतात. तो का उभा आहे हे ते सांगत नाहीत, तिथे विचारावंच लागतं. मोठ्या कंपन्यांना लाखोंच्या गर्दीतल्या एकेकाला विचारता येत नाही, म्हणून त्यांनी पट्ट्या केल्या. ज्याची वही चार पानांत मावते त्याने आधी पट्ट्या बघाव्यात आणि माणसाला मग विचारावं, की उलट? मी तरी माणसापासून सुरू करीन.

व्हॉट्सॲपची एक खुबी लहान दुकानदारांना सांगण्यासारखी आहे. एकच संदेश अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घालता येतात, पण संदेश पोचतो तो ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच. बरेच जण यावर चिडतात. मला ती फार मोलाची माहिती वाटते. नंबर जतन करणं म्हणजे पुन्हा लागणार आहे असं त्या माणसाने स्वतः ठरवणं. आम्ही त्या यादीला लेबलं लावली आहेत, वयाची नव्हेत: चवथ, पुरुमेंत, म्हाळ, वर्षभर, भेटीसाठी. चवथीवाल्यांना मेमध्ये त्रास द्यायचा नाही. पुरुमेंतवाल्यांना एप्रिलच्या शेवटी एकदा कळवायचं, बस. लोकांचा फोन वाजवण्याचा हक्क आपल्याला मिळालेला असतो तो थोडाच असतो.

याच काळजीपोटी एक गोष्ट मला मनापासून खटकते. पार्सलं निघाली की दुकानदार त्यांचा ढीग रचून फोटो काढतात आणि स्टेटसला ठेवतात. ढिगातल्या वरच्या खोक्यावर नाव, घर क्रमांक, फोन नंबर, सगळं स्वच्छ वाचता येतं. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा पत्ता अनोळखी शेकडो फोनांवर. कुणाचाही वाईट हेतू नसतो, धंदा चालला आहे हे दाखवण्याचा आनंद असतो. पण वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तो माहिती घेताना संमती आणि कारण मागतो, आणि कायदा नसता तरी ही माणुसकीची गोष्ट आहे. वहिनीच्या वहीत जन्मतारखा नाहीत, कुटुंबात किती माणसं याची नोंद नाही. "वाढदिवसाला सवलत पाठवता येईल" असं कुणी सुचवलं तेव्हा तिने नकार दिला. पार्सल पोचवायला जे लागतं तेवढं लिहायचं. लोक आईच्या आजारपणाचं सांगतात ते तिला सांगतात, वहीला नाही. ते ती लक्षात ठेवते, लिहीत नाही.

सध्या आम्ही एका नव्या रकान्यावर विचार करतो आहोत. ४०३ पिनकोडच्या काही ऑर्डरी अशा येतात की पत्ता मडगावचा किंवा म्हापशाचा, सोबत एक तारीख: या दिवसाच्या आत पोचलं पाहिजे. चौकशी केली की कळतं, भाऊ त्या रात्री दुबईला निघणार आहे, किंवा मुलगी सुट्टी संपवून इंग्लंडला, स्विंडनला. सामानाच्या बॅगेत सोलां, पीठ, पापड जातील. आगळ मात्र घरचे घाबरतात, बाटली फुटली तर कपड्यांचं काय. पिनकोडाच्या हिशेबात ही मंडळी गोव्याची, खाणारं तोंड समुद्रापलीकडे. म्हणून वहीत "कुठे खाल्लं जाणार" असा रकाना घालायचा आहे. तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या संपताना, ऑगस्टच्या मध्यापासून, अशा ऑर्डरी वाढतात असं वहिनीचं निरीक्षण आहे, आणि नेमका तेव्हाच चवथीचा मालही जायचा असतो. या वर्षी पुरुमेंत आटोपल्यावर सोलांचा एक डबा ती त्यांच्यासाठी बाजूला काढणार आहे. आगळासाठी जाड प्लास्टिकची, आत दुसरं झाकण असलेली पाव लिटरची बाटली फोंड्याच्या एका व्यापाऱ्याकडे बघून ठेवली आहे. भाव अजून ठरायचा आहे.